मैदानाची किल्ली

(कबड्डी दिनानिमित्त, १५ जुलै रोजी, कुर्ला (पूर्व) येथे दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



आज कबड्डी दिन. शंकरराव साळवी, म्हणजे आपल्या सगळ्यांचे बुवा, यांचा जन्मदिवस. बुवांनी काय केले हे या सभागृहातल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. गल्लीतला, मातीतला, चड्डी खोचून खेळायचा खेळ त्यांच्या पिढीने देशाच्या आणि मग आशियाच्या व्यासपीठावर नेला. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी आज खेळाबद्दल कमी आणि खेळाभोवतीच्या माणसांबद्दल जास्त बोलणार आहे. एका वस्तीत खेळ उभा राहतो तेव्हा त्यात कोणाकोणाचा हात असतो, आणि त्या हातांमध्ये सत्ता कशी वाटली जाते, हा माझा विषय आहे.

सुरुवात एका किल्लीपासून करतो.

आमच्या मंडळाची एक खोली होती. दहा बाय बाराची, पत्र्याची. आत फक्कीची पोती, रेषा आखायची सुतळी, मोजपट्टी, घमेली, फावडे, माती चाळायची चाळण, पाण्याचे दोन झारे, दोन हॅलोजन आणि एक लाकडी गुणफलक. बस, एवढेच. पण त्या खोलीचे कुलूप उघडल्याशिवाय मैदान आखले जात नसे, आणि मैदान आखल्याशिवाय सराव होत नसे. किल्ली आमच्या कार्यवाहांकडे. ते गिरणीत होते. पहिली पाळी संपवून घरी यायचे, चहा घ्यायचे आणि मैदानावर यायचे. तीस वर्षांत त्यांनी एक सुट्टी घेतली नाही, असे म्हटले तरी चालेल. मुलांच्या गुडघ्याला हळद त्यांनी लावली, बुटांचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. अशा माणसांच्या जिवावरच मुंबईतली कबड्डी उभी आहे, हे मी पूर्ण आदराने सांगतो.

एका पावसाळ्यानंतर ते आजारी पडले. किल्ली त्यांच्या उशीखाली. मागायला कोणी धजेना, आणि त्यांनाही द्यायचे सुचेना. अकरा दिवस खोली बंद राहिली. जिल्हा निवड चाचणी तोंडावर आलेली, आणि आमची पोरे गल्लीत खडूने रेषा काढून चढाया करत होती. सहकार्यवाह मी होतो. त्या अकरा दिवसांत मला पहिल्यांदा कळले की मंडळावर आपले सर्वांचे प्रेम आहे, पण मंडळ आपल्या सर्वांचे नाही. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

मंडळी, कुर्ल्याची जागा लक्षात घ्या. मध्य रेल्वेने दादरकडून आलात की शीव लागते. शीव म्हणजे सीमा. ती ओलांडली की पुढचे स्टेशन कुर्ला. कबड्डीच्या नकाशातही हीच सीमा आहे. मुंबई शहराची जिल्हा संघटना वेगळी, मुंबई उपनगरची वेगळी. कुर्ल्याचे मंडळ उपनगरकडे नोंदले जाते, उपनगर जिल्हा राज्य संघटनेकडे, आणि राज्य भारतीय महासंघाकडे. कागदावर ही उतरंड सरळ आहे. पण संध्याकाळी सहाला नेहरूनगरमधल्या एखाद्या पोराला सराव करायचा असेल, तर त्या उतरंडीपलीकडचे पाच-सहा हात जुळावे लागतात. जागा महापालिकेची, म्हाडाची किंवा शाळेची. दिव्याचे बिल सोसायटीचे किंवा एखाद्या पुढाऱ्याचे. प्रशिक्षक रेल्वेत किंवा बँकेत नोकरीला. पंच संघटनेचे. आणि पोराला सहा ते आठ घराबाहेर सोडणारी त्याची आई, जिला आपण या हिशेबात कधी धरतच नाही. यातला एक हात जरी सुटला तरी सराव थांबतो.

कबड्डीत साखळी पकड असते. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा एकमेकांचा हात धरून उभे राहतात. चढाईपटू आत आला की कोणी झेपावायचे आणि कोणी मागून आवळायचे, हे त्या क्षणाला ठरते. ज्याच्या बाजूला तो वळला, त्याने पुढाकार घ्यायचा. दुसऱ्याने हात सोडायचा नाही. पुढाकार फिरता असतो म्हणूनच ती पकड बसते. "मीच नेहमी झेपावणार," असे एकाने ठरवले, तर चढाईपटू दुसऱ्या बाजूने गुण घेऊन जातो. प्रत्येक प्रशिक्षक हे मैदानावर शिकवतो. मैदानाबाहेर मंडळ चालवताना मात्र आपण ते विसरतो.

या खेळाचा जन्मच मुळी वाटाघाटीतून झाला आहे. आज आपल्याला वाटते की कबड्डीचे नियम पहिल्यापासून असेच होते. तसे नाही. महाराष्ट्रात हुतूतू होता, तमिळ प्रदेशात चडुगुडु, बंगालात हाडुडु. दर गावाचे मैदान वेगळे, दम घोकायचा शब्द वेगळा. संजीवनी, गामिनी, अमर असे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला आतच राहतो, फक्त गुण मोजला जातो. पुण्यात डेक्कन जिमखान्याने आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम बांधायचे काम केले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले.

या सगळ्या प्रवासात प्रत्येक प्रांताने काही ना काही सोडले. आपल्या गावचा शब्द, आपल्या तालमीचा नियम, आपल्या मैदानाचे माप. सोडल्याशिवाय एक खेळ झाला नसता. आणि शेवटी टिकला तो संजीवनीचा नियम. सहकाऱ्याच्या यशावर बाद गडी पुन्हा उभा राहतो, हा नियम आपल्या पूर्वसुरींनी निवडला. ही निवड मला फार मोलाची वाटते.

आता कुर्ल्याच्या मातीकडे वळू. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली. पुढे कमानीचा कारखाना आला, प्रीमियरचा मोटार कारखाना आला. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर धावलेली पद्मिनी याच कुर्ल्यात बनली. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारी ही वस्ती. पाळी सुटली की कामगार चाळीत, आणि चाळीतून मैदानात. खेळ हा त्यांचा विरंगुळा होता आणि कधीकधी नोकरीचा दरवाजाही होता, कारण कंपन्यांचे स्वतःचे संघ असायचे. चांगला चढाईपटू दिसला की कंपनीचा साहेब विचारायचा, "कामाला येतोस का?"

या काळातली एक गोष्ट मला तरुणांना आवर्जून सांगायची आहे, कारण ती आज विस्मरणात गेली आहे. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला, आणि तो चालवणारे कामगार कल्याण मंडळ. त्याची ललित कला भवने, नाट्यस्पर्धा, कामगार कबड्डी स्पर्धा, प्रभादेवीचे हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाचे गिरणी कामगार क्रीडा भवन, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याची रचना पाहा. निधीत कामगार आपल्या पगारातून वर्गणी देतो, मालक त्याच्या तिप्पट देतो आणि शासन आपला वाटा घालते. बरीच वर्षे सहामाही वर्गणी कामगाराची १२ रुपये आणि मालकाची ३६ रुपये होती. २०२४ पासून ती २५ आणि ७५ झाली. आणि मंडळावर मालकांचे प्रतिनिधी जितके, तितकेच कामगारांचे. पैसे तिप्पट दिले म्हणून मालकाला खुर्च्या तिप्पट मिळाल्या नाहीत. हे वाक्य लिहून ठेवा. पैसा आणि मत यांची फारकत कायद्याने केली होती. आपल्या वस्तीतल्या खेळात आज नेमके हेच हरवले आहे.

गिरण्या आणि कारखाने बंद पडले. कंपनीचे संघ विरळ झाले. वर्गणीची पेटी रिकामी झाली आणि तिची जागा प्रायोजकाने घेतली. मी प्रायोजकांविरुद्ध बोलत नाही. आमदार निधीतून, नगरसेवक निधीतून व्यायामशाळा झाल्या, शेड झाल्या, दिवे लागले. मॅटवर खेळायची वेळ आली तेव्हा मॅट घ्यायला पैसे कोणाकडे होते? मातीवर अनवाणी घडलेले पोर मॅटवर बूट घालून उतरले की पहिल्या चढाईतच त्याचा अंदाज चुकतो. त्यामुळे ज्याच्याकडे मॅट, त्याच्याकडे सराव. ज्याच्याकडे सराव, त्याचा संघ. आणि मॅट ज्याने दिली, त्याच्या शब्दाला संघनिवडीतही वजन येते. कोणी वाईट हेतूने हे करते असे नाही. पैसा एका हातातून आला की निर्णयही त्या हाताकडे सरकतो. पाणी उताराकडे जाते, तसे.

शेरी आर्नस्टीन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये एक शिडी मांडली. नागरिकांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचा नुसता देखावा असतो. मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना माहिती दिली जाते, मत विचारले जाते, मन राखले जाते. पण ठरवणारे दुसरेच असतात. खरी भागीदारी त्यांनी सहाव्या पायरीवर ठेवली आहे. त्यावर सोपवलेली सत्ता, आणि सर्वांत वर लोकांचे नियंत्रण. मी आपल्या उपनगरातल्या किती बैठकांना बसलो, याचा विचार केला तर बहुतेक बैठका चौथ्या-पाचव्या पायरीवर होत्या. आम्हाला बोलावले, चहा दिला, आमचे ऐकून घेतले, इतिवृत्तात "सकारात्मक चर्चा झाली" असे लिहिले. मैदान कोणाला द्यायचे ते आधीच ठरले होते.

आणि या बैठका भरतात कधी? मंगळवारी सकाळी अकराला. ज्या कार्यालयाची बैठक, तिथले अधिकारी पगारी, त्यांच्या कामाच्याच वेळेत. प्रशिक्षक त्या वेळी कारशेडमध्ये असतो. मुलींच्या संघाला शिकवणारी ताई शाळेत चौथीच्या वर्गावर असते. मग बैठकीला कोण जातो? ज्याला वेळ आहे तो. आणि निर्णय तोच घेऊन येतो. सत्ता नेहमी ठरावातून हिसकावली जात नाही. बऱ्याचदा ती बैठकीच्या वेळेतून निसटते. इंग्लंडमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात स्थानिक परिषद, शाळा, क्लब, आरोग्य खाते यांना एका टेबलाभोवती आणणारी स्थानिक क्रीडाजाळी उभारली गेली. असे टेबल आपल्याकडेही हवे, यात वाद नाही. पण त्या टेबलाभोवती नोकरी करून खेळ चालवणाऱ्या माणसाला बसता येईल, अशी वेळ आधी ठरवा.

आता जमिनीबद्दल. कारण जमीन नसेल तर बाकी सगळे बोलणे हवेतले आहे.

नेहरूनगर, कामगारनगर, टिळकनगर या बाजूला म्हाडाच्या वसाहती. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत आपण सगळे वाढलो. पुनर्विकास आला, इमारती उंच झाल्या. त्याची गरज मी नाकारत नाही. गळक्या छताखाली राहिलेला माणूस उद्वाहनाच्या इमारतीत जातो, याचा मला आनंद आहे. पण आर.जी., म्हणजे मनोरंजनाची जागा, म्हणून नकाशात दाखवलेली मोकळी जागा कुठे गेली, हे विचारायला हवे. ती पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, चढली. पोडियमवर फरशी असते, झोपाळा असतो, आणि "बाहेरच्यांना प्रवेश नाही" अशी पाटी असते. कबड्डीला जमीन लागते आणि बाहेरची पोरे लागतात, कारण एकाच इमारतीत सात विरुद्ध सात जमत नाहीत. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले की ही मनोरंजनाची जागा जमिनीवर असायला हवी. निकाल आपल्या बाजूचा होता. पण निकाल वाचून आराखड्यावर हरकत घ्यायला आपल्यातले किती जण गेले?

महापालिकेच्या मोकळ्या जागांचेही तसेच. मैदाने आणि उद्याने संस्थांना सांभाळायला द्यायची पद्धत बरीच वर्षे होती. काही संस्थांनी मनापासून सांभाळली. काही ठिकाणी मात्र क्लब झाले, भिंती आल्या, सभासदत्वाचे शुल्क आले, आणि वस्तीतले पोर कुंपणाबाहेर राहिले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने दत्तक देण्याचे नवे धोरण मंजूर केले. नागरिकांनी विरोध केला, आणि मुख्यमंत्र्यांनी ते थांबवले. तो विरोध योग्य होता. पण थांबवून प्रश्न सुटला का? ज्या मैदानाला कोणीच सांभाळणारे नाही, तिथे रात्री काय चालते ते तुम्ही आम्ही पाहतो. एका हातात दिले तर भिंत, कोणाच्याच हातात नाही तर कचरा. या दोन टोकांच्या मध्ये तिसरी वाट आहे, आणि तीच आपण चाललो नाही. ती म्हणजे मैदान अनेकांच्या हातात देणे.

नेहरूनगरच्या मदर डेअरीच्या जागेचा प्रश्न इथे सगळ्यांच्या मनात आहे. साडेआठ हेक्टर, म्हणजे एकवीस एकर. जून २०२४ मध्ये शासनाने ती जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय काढला. आपल्या रहिवाशांनी आंदोलन केले. तिथली झाडे राखा, उद्यान करा, मुलांना खेळायला जागा द्या, ही मागणी. मी या मागणीच्या बाजूने आहे, हे स्पष्ट सांगतो. पण धारावीच्या माणसाविरुद्ध एक शब्दही मी बोलणार नाही, आणि तुम्हीही बोलू नका. तोही कष्टकरी आहे, त्यालाही धारावीतच राहायचे आहे, त्यालाही कोणी विचारले नाही. दोन वस्त्यांच्या भवितव्याचा निर्णय झाला, आणि दोन्ही वस्त्यांचा एकही प्रतिनिधी तो ठरवणाऱ्यांत नव्हता. माझी तक्रार ही आहे. कोणत्याही वस्तीची मोकळी जागा त्या वस्तीला न विचारता जाते, तेव्हा तिच्याबरोबर तिथल्या दोन-तीन पिढ्यांची कबड्डी, खो-खो, क्रिकेट जाते.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. आपल्या कबड्डीचा राष्ट्रीय महासंघ वर्षानुवर्षे मूठभर हातांत राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला आजीव अध्यक्षपद बेकायदा ठरवावे लागले आणि कारभार प्रशासकाकडे द्यावा लागला. आजीव अध्यक्ष! खेळाडू वयाच्या तिशी-पस्तिशीत निवृत्त होतो, पंचाला निवृत्तीचे वय असते, आणि अध्यक्षाचे पद मात्र आजीव होते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीला पंधरा सदस्यांची मर्यादा घातली आणि त्यात किमान चार महिला आणि नावाजलेले खेळाडू असले पाहिजेत असे सांगितले. हा कायदा राष्ट्रीय पातळीचा आहे. पण आपल्या मंडळाच्या घटनेत असे लिहायला आपल्याला संसदेची परवानगी लागत नाही.

लिहायचे काय? मी व्यवहारातले पाच मुद्दे मांडतो.

पहिला, वेळापत्रक. मैदानाच्या फाटकावर फळा लावा. सकाळी पाच ते रात्री दहा. कोणत्या तासाला कोणाचा सराव, लहान मुलांचा, मुलींचा, ज्येष्ठांच्या चालण्याचा, दुसऱ्या मंडळाचा. दर तीन महिन्यांनी ते सगळ्या वापरणाऱ्यांनी बसून ठरवायचे. जो मैदान वापरतो, त्याला मत.

दुसरा, हिशेब. कोणी किती दिले ते फळ्यावर. दिलेल्याचे आभार मोठ्या अक्षरात. पण देणगीच्या पावतीवरच छापा की देणगीने संघनिवडीचा किंवा वेळेचा अधिकार मिळत नाही. कामगार कल्याण मंडळाने जो धडा दिला, तो हाच.

तिसरा, मॅट. पाच मंडळांनी मिळून एक मॅट घ्या. तिचे तुकडे जोडायचे असतात, टेम्पोत बसतात. वार वाटून घ्या. तुमचा प्रतिस्पर्धी मॅटवर तयार झाला तर जिल्हा स्पर्धेत तुमचीही कबड्डी सुधारेल.

चौथा, शाळा. संध्याकाळी शाळेचे मैदान रिकामे आणि बाजूच्या रस्त्यावर पोरे खेळतात, हे दृश्य बदलायचे तर मुख्याध्यापकाला भीती काय वाटते, ते विचारा. त्याला फुटणाऱ्या काचा, स्वच्छतागृहाची देखभाल आणि पहाऱ्याचा पगार यांची भीती असते. ती रास्त आहे. शाळा, मंडळ आणि पालक असा तीन बाजूंचा लेखी करार करा. मोडतोडीची जबाबदारी मंडळाची, पहाऱ्याचा खर्च वाटून, आणि एखादा पालक दर संध्याकाळी हजर.

पाचवा, प्रभाग समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर मुंबईत प्रभाग समित्या आल्या. कायद्यात त्यांच्यावर वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमायची तरतूद आहे. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकच होते. त्या काळात मैदानासाठी दाद मागायला आपल्या वॉर्डात नगरसेवकच नव्हता. त्या अनुभवातून शिकूया. आपल्या एल वॉर्डातल्या सगळ्या खेळांच्या मंडळांनी, कबड्डी, खो-खो, मल्लखांब, क्रिकेट, कॅरम, एकत्र येऊन एक नाव सुचवावे. वेगवेगळी पंचवीस निवेदने देण्यापेक्षा एक खुर्ची मागा. आणि ती खुर्ची फिरती ठेवा.

आता मुलींबद्दल. हा मुद्दा सहावा म्हणून नाही, तर या पाचही मुद्द्यांची कसोटी म्हणून मांडतो. महिलांची राष्ट्रीय कबड्डी १९५५ पासून आहे. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीला २०१० पर्यंत थांबावे लागले. पंचावन्न वर्षे. ही पंचावन्न वर्षे वर कुठेतरी गेली असे आपण म्हणतो, पण त्यातली काही आपल्या मैदानावर गेली. मुलींना आमच्या मंडळाने सराव दिला तो रात्री साडेआठनंतर, पुरुषांचा सराव संपल्यावर. आम्हाला वाटे, दिला ना. सहा महिन्यांत बाराच्या सात झाल्या, सातच्या चार. आम्ही म्हणालो, मुलींना आवड नाही. हे मी आज जाहीरपणे चूक म्हणून कबूल करतो. त्या चुकीत मी होतो.

आणि इथे मी त्या किल्लीकडे परत येतो.

कार्यवाह बरे झाले. मी त्यांच्या घरी गेलो. भीत भीत म्हणालो, "काका, अजून दोन किल्ल्या करून घेऊया का?" ते बराच वेळ गप्प राहिले. त्या किल्लीत त्यांची तीस वर्षे होती, हे मला तेव्हा कळत होते. मग त्यांनी उशीखालून किल्ली काढली आणि म्हणाले, "स्टेशनजवळ करून आण. आणि एक त्या पोरीला दे." त्या पोरीला म्हणजे मुलींच्या संघाच्या कर्णधाराला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कार्यकारिणीत यावरून मोठा वाद झाला. सामान हरवेल, पोरगी लग्न करून जाईल, रात्रीबेरात्री कोण जबाबदार. काकांनी ऐकले आणि सांगितले, "माझ्याकडे होती तेव्हा अकरा दिवस बंद होती. तिच्याकडे किती दिवस बंद राहते ते बघू."

चौथ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी दूध आणायला निघालो होतो. मैदानावर उजेड अर्धवट. फावड्याचा आवाज आला. चार मुली मैदान तयार करत होत्या. एक झाऱ्याने पाणी मारत होती. दोघींनी सुतळीची टोके धरली होती आणि कर्णधार वाकून फक्की टाकत होती. आमच्या तेरा बाय दहा मीटरच्या जुन्या रेषा पायाने पुसून त्यांनी बारा बाय आठचे महिलांचे मैदान आखले होते. मध्यरेषा, दोन्ही बाजूंना निदानरेषा, बोनस रेषा. त्या पहाटे सराव करत होत्या, कारण पहाटे घरचे पाठवतात, भाऊ झोपलेले असतात, नळाला पाणी साडेसातला येते आणि कॉलेज आठला असते. हे गणित त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते, कारण किल्ली हातात असलेल्याला दुसऱ्याची वेळ शोधायची गरज पडत नाही. सहा महिन्यांत त्या चारच्या चौदा झाल्या.

मित्रहो, सत्ता वाटायची ती दुसऱ्यावर मेहेरबानी म्हणून नाही. मैदान कोणत्या तासाला उघडावे, हे एका माणसाला कधीच पूर्ण कळत नाही, म्हणून ती वाटायची. काका आज नाहीत. त्या खोलीच्या आज सात किल्ल्या आहेत. एक शेजारच्या मंडळाकडे, एक ज्येष्ठ नागरिकांकडे, एक मैदानाशेजारच्या शाळेच्या शिपाईमामांकडे. दरवाजाच्या आत एक वही बांधली आहे. ज्याने कुलूप उघडले त्याने वेळ लिहायची, सही करायची आणि काय वापरले ते नोंदवायचे. इतक्या वर्षांत एक घमेले आणि एक मोजपट्टी हरवली. दोन्ही आम्ही नव्याने विकत घेतली.

आज घरी जाताना आपापल्या मंडळाच्या कुलपाच्या किती किल्ल्या आहेत आणि त्या कोणाकोणाकडे आहेत, एवढे मोजा. एकच असेल तर उद्या स्टेशनजवळून दुसरी करून आणा. बुवांच्या जन्मदिनी मी तुमच्याकडे एवढेच मागतो.